काळूचं माहेर

काळू नदीचं नाव कुठल्याच पोथीत नाही, हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळलं, आणि तेही माझ्याच ओट्यावर बसून माझाच चहा पिणाऱ्या माणसाकडून. भाविकने नाशिकहून गुरुजी आणले होते. माणूस सज्जन होता, खोटं कशाला बोला. बशीत चहा ओतत म्हणाले, "गंगा, यमुना, गोदावरी ही तीर्थं. तुमची नदी चांगली आहे हो, पण शास्त्रात तिचा उल्लेख नाही." मी अठ्ठावीस वर्षं मुरबाड डेपोची एसटी चालवली. कल्याणच्या रस्त्यावर कुणी आडवा घुसला तर खिडकीतून मान काढून मी त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करायचो. त्या दिवशी मात्र गप्प बसलो. का बसलो, ते सांगायला मला अजूनही लाज वाटते, पण सांगतो.

शास्त्रात नसेल तर नसो. आमच्या जांभुळगावात काय चालतं ते ऐका. मूल जन्मलं की बाराव्या दिवशी बाळंतीण काळूवर जाते, पाण्याला हळदकुंकू वाहते आणि मगच घरातल्या हंड्याला हात लावते. नवऱ्यामुलाची नि नवरीची हळद काळूच्या पाण्यातच कालवतात. माझ्या बापाची राख काळूत आहे, त्याच्या बापाची आहे, आणि माझीही तिथेच जायची. बायकोला, जनाला, तसं बजावून ठेवलंय. घरात नळ आला तरी देवापुढच्या तांब्यात पाणी काळूचं. आणि कुणी परक्याने विचारलं की ही नदी तुमची कोण, तर आमच्या गावचं शेंबडं पोरही सांगेल, आमची सून.

सूनच. काळू निघते कातळवाडीच्या वर, कड्याच्या पोटातून. कातळवाडी म्हणजे ठाकरांची वीस-बावीस घरं, डोंगराच्या मांडीवर बसलेली. ते तिला लेक म्हणतात. ती तिथून उतरते, आमच्या शिवारात येते, आमची भातं पिकवते, आमची घरं भरते, म्हणून ती आमची सून, आणि कातळवाडी आमचे व्याही. एरवी डोंगरातल्या माणसाला कचेरीत नि दुकानात कुणी 'बस' म्हणत नाही. आमच्या गावात दसऱ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी ते उतरतात तेव्हा पहिली पंगत त्यांची, आणि सरपंच असला तरी त्याने वाढायचं. त्या दिवशी ते लेकीची ओटी भरतात. हिरवं लुगडं, नारळ आणि त्यांच्या डोंगरावरची नवी वरी. ही ओटी माहेरनेच भरायची. ती भरली नाही तर त्या वर्षी गावात हळदीला काळूचं पाणी काढायचं नाही, असा आमचा नेम आहे.

आता माहेर काही आपण होऊन येत नाही, त्याला बोलावणं लागतं. ते बोलावणं घेऊन जायचा मान आमच्या घरचा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या घरचा पुरुष गावाजवळच्या डोहातलं पाणी तांब्यात भरतो, वर पान बांधतो आणि अनवाणी डोंगर चढतो. दोन-अडीच तासांची चाल आहे. वर वाडीतली सगळ्यात थोरली बाई ते पाणी उजेडात धरून बघते, हुंगते, घोटभर पिते. सासरी लेक कशी आहे ते तिला त्या एका घोटात कळतं. मग ती विचारते, "नांदते का आमची लेक?" आपण म्हणायचं, "नांदते. तीच आमाला नांदवते." बास, एवढंच. त्यावर चहा, गुळाचा. बावीस वर्षं मी हे उत्तर देत आलो, माझ्याआधी माझा बाप देत होता. ती थोरली बाई म्हणजे रखमी. अंगाने काटकुळी, पण तिच्यापुढे मी उभा राहिलो की मला मुरबाडच्या शाळेतले मास्तर आठवत.

यंदा मी गेलो नाही.

भाविक माझा पुतण्या. इंजिनिअर झाला, शहापूरला नोकरीला लागला, आणि त्याच्या डोक्यात घाट शिरला. काशीसारखा घाट, पायऱ्या, दिवे, आरती. पोरगा वाईट नाही. "काका, आपल्या काळूला मोठं करायचंय," म्हणायचा, आणि म्हणताना त्याचे डोळे चमकायचे. मीही फुगलो. समितीच्या फलकावर माझं नाव दुसरं होतं आणि ते मी दिवसातून तीनदा वाचून यायचो. वरच्या पायऱ्या उन्हाळ्यात झाल्या. खालच्या चार राहिल्या होत्या, त्या गणपती उठल्यावर घेतल्या. पाणी अडवायला ठेकेदाराच्या माणसांनी डोहाच्या तोंडाशी मातीचा बांध घातला. सिमेंट कालवायचं यंत्र रोज संध्याकाळी त्याच डोहात धुतलं. रिकाम्या गोण्या तिथेच, उरलेला माल तिथेच. आठ दिवसांत डोह राखाडी झाला, वर साय धरली, आणि एके सकाळी मासे पोट वर करून तरंगताना मी पाहिले.

मी एकदा ओरडलो. ठेकेदार म्हणाला, "तारीख गाठायचीय ना?" सोमवार ठरलेला, मोठे पाहुणे ठरलेले, गुरुजी ठरलेले. मी तोंड मिटलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तांब्या घेऊन डोहावर गेलो. पाणी भरलं आणि बघतच राहिलो. हे पाणी रखमीच्या हातात द्यायचं? कसल्या तोंडाने? तांब्या ओतून दिला आणि घरी येऊन जनाला म्हणालो, "गुडघा धरलाय. डोंगर चढवत नाय." भाविकला सांगून रखमीची नात काजल हिच्या मोबाइलवर पत्रिका पाठवली. काजल मुरबाडला कॉलेजात जाते. 'सहकुटुंब सहपरिवार अगत्य येण्याचे करावे.' खाली गोदावरीच्या पूजनाचा फोटो, आणि सोबत माझ्या गुडघ्याचा निरोप. जना काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मला जेवण जात नाही.

आता कळलं ना, गुरुजींसमोर मी का गप्प बसलो? तो चहा त्यानंतरचा. नाशिकहून गोदावरीचं पाणी कॅनमधून आणायचं, कसारा घाट उतरवून इथं आणायचं आणि मंत्र म्हणून काळूत ओतायचं, म्हणजे काळू पवित्र होईल, असा बेत चालला होता. आमच्या काळूला पवित्र करणार! बाप असता तर काठी घेऊन उठला असता. पण ज्याने घरची सून आजारी पाडली, तो तिची बाजू कोणत्या तोंडाने घेणार?

सोमवार उजाडला. घाटावर मांडव, झेंडूच्या माळा, कर्णे. पाहुणे चारला येणार होते. दरवर्षी सूर्य कासराभर वर आला की डोंगराच्या पायवाटेवर बायकांची रांग दिसायची, पुढे ढोल. मी पायरीवर उभा राहून वाटेकडे डोळे लावले. नऊ वाजले. साडेनऊ वाजले. वाट मोकळीच.

जना माझ्यामागे येऊन उभी राहिली. "येनार नाय ती," म्हणाली. "बोलावणं गेलंच कुठं? आपली अंजू मार्गशीर्षात बोहल्यावर उभी रहायची. तिच्या हळदीला पाणी कुठलं घालू मी? नळाचं?" अंजू आमची एकुलती एक लेक. जनाने तांब्या माझ्या हातात दिला. घासूनपुसून लखलखीत केलेला होता. सकाळपासून ती पदराखाली घेऊन फिरत होती, मला वाटतं.

मी डोहात उतरलो आणि ते तसलंच पाणी भरलं. भाविक धावत आला. "काका, कुठं चाललात? पाहुणे येतायत." मी म्हटलं, "तू सांभाळ तुझे पाहुणे. मी माझे आणायला चाललो." चपला मांडवात काढून ठेवल्या.

गुडघ्याचं दुखणं खोटं होतं ना, ते त्या चढावर खरं झालं. बरोबर शिक्षा. पण एक सांगतो, वाटेत दोन ठिकाणी काळू ओलांडावी लागते, आणि तिथलं पाणी काय पाणी! तळातला खडा मोजावा. दुसऱ्या ओलांडणीला मनात आलं, तांब्या इथं ओतावा नि हे निर्मळ पाणी भरून न्यावं. कुणाला कळणार होतं? मी वाकलोसुद्धा. मग बापाची राख आठवली, आणि माझाच मला असा राग आला की उरलेला चढ मी शिव्या देत चढलो. सगळ्या स्वतःला.

रखमी अंगणात वरी पाखडत बसली होती. शेजारी काजल. आणि कुडाच्या भिंतीशी, पाटावर, घडी घातलेलं हिरवं लुगडं, नारळ आणि वरीने भरलेली छोटी टोपली. सगळं तयार होतं. आजूबाजूच्या अंगणांत बायका नवी लुगडी नेसून बसल्या होत्या, ढोलवाला ढोलाला टेकून. सगळी वाडी सकाळपासून वाट बघत होती. माझी.

"या व्याही," रखमी सूप खाली न ठेवता म्हणाली. "काजलनं तुमचा कागुद वाचून दाखवला मोबाइलात. सहपरिवार या म्हनं. माजी लेक, नि मलाच आवताण? घरच्या आयला कोन असं कागदावर आवताण धाडतं रे?"

"चुकलं, विहीणबाय."

"गुडगा दुखतो म्हनं."

"नाय दुखत. म्हंजे आता दुखतोय. तवा नव्हता दुखत."

काजल हसली, पण रखमी हसली नाही. तिने हात पुढे केला. मी तांब्या दिला. तिने पान काढलं आणि पाणी उजेडात धरलं. मी तिच्याकडे बघत नव्हतो, मी माझ्या पायांकडे बघत होतो. तिने हुंगलं. अंगणातल्या बायका उठून उभ्या राहिल्या. मी वाट बघत होतो की ती विचारेल. नेमाचा प्रश्न. तिने विचारलाच नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिने मला विचारलं नाही की लेक नांदते का.

मग मी सगळं सांगितलं. बांध, गोण्या, यंत्र, मासे. फलकावरचं माझं नावसुद्धा सांगितलं. "लाज वाटली म्हनून नाय आलो," म्हटलं. "हे पानी तुमाला दाखवायची छाती झाली नाय."

रखमीने तांब्या तोंडाला लावला. मी "नको नको" म्हणत पुढे झालो, तर तिने डोळ्यांनीच मला जागच्या जागी थांबवलं. तिने घोट घेतला. ते राखाडी पाणी तिने गिळलं आणि तोंड पुसलं.

"माझ्या लेकीचं हाय," ती म्हणाली. "आजारी असली म्हनून काय झालं? लेक सासरला आजारी हाय नि तू मला इतके दिस सांगितलं नायस, ह्याचा राग हाय मला. मान गेला चुलीत. बोलावणं लागतं सणाला. लेक आजारी पडली तं आय बोलावण्याची वाट बघते का रे? निरोप मिळाला असता तं त्याच पावली आली असती मी." आणि मागे वळून म्हणाली, "उठा गो. जायचंय."

डोंगर उतरताना ती माझ्या पुढे होती. सत्तरीची बाई, डोक्यावर टोपली, आणि मी एसटीचा ड्रायव्हर तिच्यामागे लंगडत.

आम्ही घाटावर पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. पाहुणे खुर्चीवर होते. गुरुजी शेवटच्या पायरीवर, शेजारी हार घातलेले पाण्याचे कॅन. कर्ण्यातून भाविकचा आवाज चालू होता. ढोल ऐकून तो थांबला. चाळीस-पन्नास बायका हिरव्या-लाल लुगड्यांत पायऱ्या उतरू लागल्या आणि गाव आपोआप बाजूला झालं. कुणाला सांगावं लागलं नाही. रखमी थेट पाण्यापाशी गेली, खाली बसली, राखाडी सायीवरून हात फिरवला. तापाने फणफणलेल्या पोरीच्या कपाळावरून फिरवतात तसा. मग तिने मान वर करून कॅनकडे पाहिलं.

"ह्यात काय हाय?"

"गोदावरीचं जल आहे, आजी," गुरुजी म्हणाले.

मला वाटलं, आता भडका. भाविकलाही वाटलं असावं, तो पुढे आला. पण रखमीचा चेहरा उजळला. "गोदावरी? येवढ्या लांबून आली? ये बाय, ये. बहिणीला बघाया आलीस?" तिने टोपलीतली मूठभर वरी काढली, कॅनला हळदकुंकू लावलं आणि वरी त्याच्यापुढे ठेवली. "तुझी ओटी भरते हो पयली. पावनी रिकाम्या हाती जाऊ नये." गुरुजींनी हात जोडले. कुणापुढे जोडले, त्यांनाच ठाऊक; रखमी मध्ये होती आणि मागे काळू.

"आता आपली ओटी भरा," भाविक हळूच म्हणाला. "मग आरती घेऊ. पाहुण्यांना निघायचंय."

"निघू देत की," रखमी म्हणाली. "आजारी लेकीची ओटी भरत नाय रे बाला. आदी तिला उठवतात. ती बरी होईस्तोवर मी हितंच हाय." आणि ती नव्या पायरीवर मांडी घालून बसली. सगळी कातळवाडी तिच्यामागे बसली. हिरवं लुगडं तिने मांडीवर घेतलं.

पाहुणे गेले. समजूतदार होते म्हणा, किंवा घाईत होते. भाविक उभा होता, हातात ध्वनिक्षेपक. त्याने मला विचारलं, "काका, मी काय चुकीचं केलं? मोठंच करायचं होतं ना तिला?" मी म्हटलं, "ती लहान कधी होती रे?" एवढंच. त्याने पँट दुमडली. अंगात नवा सदरा होता, तसाच तो डोहात उतरला आणि बुडालेली पहिली गोणी त्याने ओढून काढली. ती निम्मी दगड झाली होती, एकट्याने हलेना. मी उतरलो. मग जना उतरली, मग कोण कोण उतरले ते मोजायला मी शुद्धीवर नव्हतो. घरोघरून टिकाव, फावडी, घमेली आली. अंधार पडायच्या आत आम्ही बांध फोडला. अडलेलं पाणी धो धो निघालं तेव्हा कातळवाडीच्या बायकांनी बाळंतिणीची सुटका झाल्यावर व्हावा तसा गलका केला.

तीन दिवस लागले. गुरुजीही दुसऱ्या दिवशी धोतर खोचून घमेली पोचवत होते. नाशिकला गेलेच नाहीत. ठेकेदाराची माणसं आली, मुकाट्याने आपापला माल उचलून गेली. रात्री वाडीची माणसं आमच्या घरांतून वाटून घेतली, रखमी आमच्याकडे. पहिली पंगत रोज त्यांची आणि वाढायला भाविक. डोहाचा तळ आम्ही हातांनी चाचपून साफ केला. वरून काळू येतच होती, रात्रंदिवस, आपलं आपण धूत. आम्ही तिला बरं केलं असं कुणी म्हणू नये. आम्ही फक्त तिच्या वाटेतून बाजूला झालो.

चौथ्या दिवशी सकाळी मी पायरीवर उभा राहिलो तर तळातले गोटे दिसत होते, आणि गोट्यांमधून बोटाएवढे मासे.

रखमी खाली आली. "तांब्या भरा व्याही," म्हणाली. मी भाविककडे पाहिलं. पुढे कधीतरी त्यालाच चढायचंय हा डोंगर, गुडघा दुखो न दुखो. तांब्या त्याच्या हातात दिला. त्याने भरला, पान बांधलं आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. त्याचे तळहात सोलवटले होते. रखमीने पाणी उजेडात धरलं. हुंगलं. घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात ठेवला.

"नांदते का आमची लेक?"

भाविकने तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघितलं. त्याला उत्तर कधी शिकवलंच नव्हतं मी. मी सांगणार, तेवढ्यात मागून जनाचा आवाज आला, मग अंजूचा, मग पायऱ्यांवर उभ्या असलेल्या सगळ्या गावाचा. इतकी वर्षं एका पुरुषाने एका अंगणात पुटपुटलेलं वाक्य गावाला पाठ होतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

"नांदते! तीच आमाला नांदवते!"

रखमीने लुगड्याची घडी मोडली. ओटी भरली. आणि मग जनाने अंजूच्या हळदीसाठी कळशी काळूत बुडवली.